एकतर्फी गवाक्ष

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात या व्यासपीठावरून प्रवासवर्णने पुष्कळ झाली. कुणी काशी-रामेश्वराची यात्रा करून आले, कुणी युरोप पाहून आले, कुणी मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आले. आणि प्रत्येकाने परत आल्यावर येथे उभे राहून आपले अनुभव सांगितले. आमचे आजचे बोलणे मात्र अशा एका देशाविषयी आहे की, जेथे आम्ही कधी गेलेलो नाही, बहुधा कधी जाणारही नाही, आणि जेथील एकाही माणसाशी आमचा एका शब्दाचाही व्यवहार झालेला नाही. तो देश म्हणजे उत्तर कोरिया. मे २०२० पासून आम्ही मंडळाचे चार सभासद त्या देशाकडून प्रसिद्ध होणाऱ्या बातम्या व छायाचित्रे इंटरनेटवर नियमाने पाहत आलो आहोत. परका देश असा दुरून, केवळ बातम्यांवरून आणि चित्रांवरून, कितपत कळू शकतो, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे. आम्ही चौघांच्या वतीने तो आपल्यापुढे मांडीत आहोत.

हा उद्योग आम्ही विद्वत्तेच्या हौसेने आरंभिला असे कुणी समजू नये. त्याचे मूळ आमच्या एका चुकीत आहे आणि ती प्रथम सांगून टाकणे बरे. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी होती. मंडळाचे सभागृह बंद, वाचनालय बंद, दिवसभर हातात मोबाइल. त्या सुमारास उत्तर कोरियाचे प्रमुख किम जोंग उन अत्यवस्थ असल्याची, आणि पुढे तर ते वारल्याची वार्ता जगभर पसरली. त्या वार्तेला एक आधार होता. ११ एप्रिलच्या बैठकीनंतर ते कोठे दिसले नव्हते, आणि १५ एप्रिलला, म्हणजे आजोबा किम इल सुंग यांच्या जयंतीला, स्मृतिमंदिरातील दर्शनाच्या चित्रातही ते नव्हते. आमच्यापैकी एकाने ही मृत्युवार्ता मंडळाच्या सभासदांना पाठविली, दुसऱ्याने तिच्यात वारसदारांची नावे घातली, तिसऱ्याने एक चेष्टेचे चित्र जोडले. २ मे रोजी त्या देशाच्या वृत्तसंस्थेने सुनचोन येथील खत-कारखान्याच्या उद्घाटनाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यांत किम जोंग उन हातात कात्री घेऊन फीत कापीत उभे होते!

आम्ही खजील झालो. एका जिवंत माणसाचे तेरावे आम्ही घरबसल्या उरकले होते. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या बाई त्या दिवशी म्हणाल्या, “ज्या देशाच्या चार शहरांची नावे आपल्याला सांगता येत नाहीत, त्या देशाच्या राजाचे मरण आपण इतक्या खात्रीने कसे सांगितले?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हा ठरले की, निदान वर्षभर त्या देशाच्या बातम्या आपण स्वतः, मुळातून वाचावयाच्या. त्या एका वर्षाची पुढे कित्येक वर्षे झाली.

प्रथम या बातम्या येतात कोठून ते सांगतो. उत्तर कोरियाची सरकारी वृत्तसंस्था म्हणजे कोरियन सेंट्रल न्यूज एजन्सी; तिची स्थापना १९४६ ची. सत्तारूढ मजूर पक्षाचे दैनिक म्हणजे रोदोंग सिनमुन. दोहोंची संकेतस्थळे आहेत, आणि इंग्रजी मजकुरामुळे आम्हांला ती वाचता येतात. चित्रे भरपूर असतात. पहिल्या प्रथम वाटते की रोज एकच चित्र छापले जात आहे. मध्यभागी नेता, भोवती हातात छोटी वही घेऊन त्यांचे बोलणे टिपून घेणारे अधिकारी, मागे कारखाना, शेत, शाळा, नाहीतर क्षेपणास्त्र. पहिल्या दोन महिन्यांत आम्ही कंटाळलो. आमच्यातले एक रेल्वेत गार्ड होते. त्यांनी मात्र हातचे सोडले नाही. ते म्हणाले, “रोजची गाडी रोज तीच असते, ज्या दिवशी तिचा एक डबा कमी असेल तो दिवस ओळखावयाचा, तर आधीचे सगळे दिवस डबे मोजलेले असले पाहिजेत.” त्यांनीच एक मोठी वही घातली आणि तिला चार रकाने पाडले: ‘त्यांनी सांगितले’, ‘चित्रात दिसले’, ‘इतरांनी सांगितले’ आणि ‘कळले नाही’. आजचे सारे भाषण त्या चार रकान्यांचे आहे.

पहिल्या रकान्यातून आम्ही त्या देशाचे वर्ष शिकलो. मे-जूनमध्ये भाताची लावणी येते आणि तिच्यासाठी कचेऱ्यांतली माणसे व विद्यार्थीही शेतांवर पाठविले जातात. पावसाळ्यात वादळाचे आणि पुराचे इशारे येतात. हिवाळा तोंडावर आला की घरोघर किमची घालण्याची धांदल सुरू होते. आपल्याकडे वैशाखात लोणची-पापडांची असते तशीच. युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत दक्षिण कोरियाची किमची करण्याची प्रथा २०१३ मध्ये आणि उत्तर कोरियाची २०१५ मध्ये नोंदविली. ‘आरिरांग’ हे लोकगीतही असेच त्या यादीत दोनदा आले आहे, २०१२ मध्ये दक्षिणेचे आणि २०१४ मध्ये उत्तरेचे. एकच बरणी, एकच गाणे, आणि नोंदी दोन! फाळणीची ही खूण राजकारणावरच्या लेखांहून आम्हांला अधिक बोलकी वाटली.

त्यांची कालगणनाही आम्हांला या रकान्यातच भेटली. आपल्या पंचांगावर शक आणि इसवी सन शेजारी शेजारी असतात, तशी तेथील बातम्यांवर ‘जुचे’ वर्षाची आणि इसवी सनाची जोडी असे. किम इल सुंग यांच्या जन्माचे १९१२ हे साल म्हणजे जुचे १. म्हणजे २०२० हे जुचे १०९. ही पद्धत १९९७ मध्ये सुरू झाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मात्र एके दिवशी गार्डसाहेबांच्या ध्यानात आले की, रोदोंग सिनमुनवर इसवी सन तेवढा राहिला आहे. जगातील अभ्यासकांनीही तेच टिपले होते. घोषणा नाही, कारण नाही. गाडीचा एक डबा कमी झाला होता. आणि तो कमी झाल्याचे आम्हांला कळले, कारण आम्ही डबे मोजीत होतो.

आता दुसरा रकाना, चित्रात काय दिसले याचा. येथे आमची पहिली मोठी शिकवणी झाली ती जुन्या चित्रांवरून. २८ डिसेंबर २०११ रोजी किम जोंग इल यांची अंत्ययात्रा बर्फ पडत असताना प्याँगयांगच्या रस्त्यांवरून निघाली. वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या एका छायाचित्रात रस्त्याच्या कडेला माणसांची सरळ, अखंड रांग दिसते. जवळपास त्याच क्षणाचे जपानच्या क्योदो वृत्तसंस्थेचे छायाचित्र शेजारी ठेवले, तेव्हा असे दिसून आले की रांगेबाहेर बर्फात उभी असलेली काही माणसे पहिल्या चित्रातून पुसून टाकलेली आहेत. ते चित्र जगभर वितरित करणाऱ्या युरोपीय संस्थेला ते मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी जुलैत पुराचे एक चित्र असोसिएटेड प्रेसनेही मागे घेतले होते. तेही फेरफार केलेले निघाले. अंत्ययात्रेच्या चित्रात लपविण्याजोगे काही मोठे गुपित नव्हते. बहुधा रांग नीटनेटकी दिसावी एवढाच हेतू असावा. परंतु नीटनेटकेपणासाठी जेथे माणूस पुसता येतो, तेथे त्याहून गंभीर कारणासाठी तो पुसावयास कितीसा वेळ लागणार?

दोन वर्षांनी त्याचे उत्तर मिळाले. जांग सोंग थेक हे किम जोंग उन यांच्या आत्याचे यजमान आणि राज्यातले अत्यंत वजनदार पुरुष. डिसेंबर २०१३ मध्ये पक्षाच्या बैठकीतून गणवेशधारी माणसे त्यांना दंडाला धरून नेत असल्याची चित्रे सरकारी दूरचित्रवाणीने दाखविली. आणि १२ डिसेंबरला त्यांना देहान्त शासन झाले. आधीच एका माहितीपटातून त्यांची छबी कापण्यात आली होती. मागाहून वृत्तसंस्थेच्या आणि दैनिकाच्या संकेतस्थळांवरील हजारो जुन्या बातम्या नाहीशा झाल्या. श्रोतेहो, कागदावरचे वर्तमानपत्र एकदा छापले की छापले. आपल्या वाचनालयातल्या बांधीव अंकांतून कुणाचे नाव काढावयाचे तर कात्री घेऊन यावे लागेल, आणि भोक राहील. इंटरनेटवरच्या अंकात भोकही राहत नाही. हे समजल्यापासून आम्ही महत्त्वाची बातमी दिसली की तिची प्रत काढून वहीत चिकटवून ठेवू लागलो.

शब्दांचेही तसेच. १२ मे २०२२ रोजी त्या देशाने आपल्या भूमीवर करोनाची साथ आल्याचे प्रथमच मान्य केले. त्यानंतर रोज आकडे येऊ लागले. पण ते ‘करोनाबाधितांचे’ नव्हते, ‘ज्वरग्रस्तांचे’ होते. चाचणीची साधने पुरेशी नसतील तर मोजता येण्याजोगी गोष्ट ताप हीच राहते. सुमारे ४७ लाख ७० हजार ज्वरग्रस्त आणि अवघे ७४ मृत्यू, असा हिशेब देऊन १० ऑगस्टला विजय जाहीर झाला. ७४ या आकड्यावर जगातील तज्ज्ञांनी विश्वास ठेवला नाही, आणि आम्हीही ठेवला नाही. पण त्याच दिवसांत मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्यात, वाळुंजाच्या पानांचा काढा घ्यावा, असा सल्ला तेथील सरकारी माध्यमे देत होती. तो वाचून आमच्यातल्या बँकेतल्या गृहस्थांचा चेहरा उतरला. आदल्या वर्षीच्या वसंतात त्यांच्या घरी काय गेले ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. ते एवढेच म्हणाले, “औषध मिळत नाही तेव्हा काढ्याची आठवण होते.” त्या सल्ल्यात तेथील एखाद्या घरातली रात्र आम्हांला प्रथमच दिसली, आणि ती आकड्यांत कोठेच नव्हती.

दुसरा शब्द ‘खडतर कूच’ हा. १९९० च्या दशकातल्या दुष्काळाला, ज्यात लाखो माणसे मेली असे मानले जाते, तेथे हे नाव आहे. एप्रिल २०२१ मध्ये किम जोंग उन यांनी पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे पुन्हा तोच शब्द उच्चारला, आणि जूनमध्ये अन्नधान्याची स्थिती ‘ताणाची’ असल्याचे त्यांनी सांगितले. चित्रांत मात्र शेते हिरवी होती. अशा वेळी चित्र बाजूला ठेवून शब्दापाशी थांबावे, हे आम्ही शिकलो.

आता तिसरा रकाना: इतरांनी काय सांगितले. २०२४ च्या जानेवारीत किम जोंग उन यांनी दक्षिणेशी एकीकरणाचे धोरण सोडल्याचे सांगितले, आणि राजधानीच्या दक्षिण वेशीवर २००१ मध्ये उभारलेली एकीकरणाची कमान डोळ्यांत खुपते, ती काढून टाकावी, असे ते म्हणाले. पुढे ती कमान गेली. सरकारी चित्रांत तिच्या पाडकामाचे दर्शन आम्हांला झाले नाही. ती गेल्याचे उपग्रहाच्या चित्रांवरून जगाला कळले. म्हणजे जमिनीवरचा छायाचित्रकार जे दाखवीत नव्हता, ते आकाशातून दिसले.

पण आकाशातून सर्व दिसते असेही नव्हे. ३० जानेवारी २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरून घेतलेले कोरियाचे रात्रीचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. खाली दक्षिण कोरिया दिव्यांनी लखलखते, वर चीन लखलखतो, आणि मध्ये उत्तर कोरिया इतका काळोखात की तेथे जणू समुद्रच आहे. प्याँगयांगचा एक ठिपका तेवढा बेटासारखा. आम्ही ते चित्र मंडळाच्या मुलांना दाखविले तेव्हा एका मुलाने विचारले, “तिथे कुणी राहत नाही का?” तिथे अडीच कोटींहून अधिक माणसे राहतात. विजेचा तुटवडा ते चित्र खरोखर सांगते. पण त्या काळोखात कुणाची आई कंदिलाशी बसली आहे, कोण अभ्यास करीत आहे, कोण आजारी आहे, हे ते सांगत नाही. दोनशे-अडीचशे मैलांवरून घेतलेल्या चित्राकडून ती अपेक्षा करणेही योग्य नव्हे. दोष असेल तर एवढाच की, काळोख पाहून आपण माणसेही नाहीत असे मनात धरतो.

जमिनीवरून, परक्या छायाचित्रकाराच्या नजरेनेही तो देश काही काळ पाहावयास मिळाला. असोसिएटेड प्रेसने जानेवारी २०१२ मध्ये प्याँगयांगला आपली कचेरी उघडली. २०१३ च्या आरंभी परदेशीयांना तेथील मोबाइलवर इंटरनेट वापरू देण्यात आले, आणि डेव्हिड गुटेनफेल्डर या छायाचित्रकाराने तेथून थेट चित्रे पाठविण्यास सुरुवात केली. त्यांच्या जुन्या चित्रांत आम्हांला मोठ्या समारंभांपेक्षा किरकोळ गोष्टींनी अधिक धरून ठेवले: रस्ता, खोली, चालणारी माणसे. अर्थात तेथे परक्या पत्रकाराबरोबर सरकारी सोबती असतोच. तेव्हा ही चौकटही कुणीतरी आखून दिलेलीच. जानेवारी २०२० मध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या. हळूहळू बहुतेक परकी माणसे निघून गेली. आपला भारतीय दूतावासही जुलै २०२१ मध्ये बंद झाला आणि २०२४ च्या अखेरीस तो पुन्हा उघडण्याची हालचाल सुरू झाली. त्या मधल्या काळात आमच्या तिसऱ्या रकान्यात लिहावयास फारच थोडे असे.

आणि आता चौथा रकाना, जो सर्वांत जाड झाला. एकच नोंद वाचून दाखवितो. जुलै २०२४ च्या अखेरीस यालू नदीला महापूर आला आणि सिनुइजू व उइजू हा भाग बुडाला. किम जोंग उन रबरी होडीतून पूर पाहत असल्याची चित्रे आली. वृत्तसंस्थेने सांगितले की सुमारे ४,१०० घरे आणि जवळजवळ ३,००० हेक्टर शेती पाण्याखाली गेली. ४,२०० हून अधिक लोकांना हेलिकॉप्टरने सोडविण्यात आले. घरांची संख्या आली, जमिनीचे क्षेत्र आले, वाचलेल्यांचा आकडा आला. जीवितहानी झाल्याचा अस्पष्ट उल्लेखही आला, परंतु मेलेल्यांची संख्या आली नाही. दक्षिण कोरियातील माध्यमांनी हजाराच्या वरचे आकडे छापले. किम जोंग उन यांनी ते खोटे व बदनामीकारक ठरविले. आम्ही रोज वाट पाहिली. आमच्या वहीत त्या दिवसाखाली पहिल्या रकान्यात तीन आकडे आहेत, तिसऱ्यात वादग्रस्त आकडे आहेत, आणि चौथ्यात बाईंच्या हस्ताक्षरात एक ओळ आहे: ‘किती माणसे गेली? त्यांची नावे काय?’

या ओळीपाशी आलो की आम्हांला एका मराठी माणसाची आठवण होते. कोरियाचे युद्ध १९५३ च्या जुलैत थांबले, तेव्हा मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांचा मोठा प्रश्न उरला. त्यांच्या रखवालीसाठी भारताने सेना पाठविली. तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडचे; आणि तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल टाकू देणार नाही असे बजावले होते. म्हणून जहाजाने इंचॉनला पोहोचलेल्या आपल्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरांतून उचलून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे त्यांनी वसविलेल्या छावणीचे नाव हिंदनगर. त्यांनीही तो देश प्रथम पाहिला तो आकाशातूनच.

पण पुढे जे झाले त्यात आणि आमच्या उद्योगात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साडेबावीस हजारांच्या वर कैदी त्यांच्या ताब्यात होते. व्यवस्था अशी होती की, कैद्याने तंबूत यावे, त्याच्या देशाच्या प्रतिनिधीचे म्हणणे ऐकावे, आणि आयोगासमक्ष आपली निवड स्वतः सांगावी. त्या तंबूला बाहेर पडण्याचे दोन मार्ग होते, एक मायदेशाकडचा आणि एक दुसरीकडचा. ही व्यवस्था पुरती सफल झाली नाही. छावण्यांतल्या म्होरक्यांच्या धाकामुळे आणि नव्वद दिवसांच्या मुदतीमुळे बहुसंख्य कैदी त्या तंबूपर्यंत पोहोचलेच नाहीत. तरीही जे पोहोचले त्यांच्यापैकी प्रत्येकाला, एकेकट्याला, ‘तुला काय हवे?’ असे विचारण्यात आले, आणि त्याचे उत्तर ऐकण्यासाठी भारतीय माणूस तेथे बसलेला होता. अखेरीस ८८ कैद्यांनी उत्तरही नको आणि दक्षिणही नको, चीनही नको आणि फार्मोसाही नको असे सांगितले. ते आपल्या सेनेबरोबर भारतात आले. पुढे त्यांतले बरेचसे दक्षिण अमेरिकेत गेले, काही येथेच राहिले.

एवढ्या वर्षांत आम्ही हजारो चित्रे पाहिली. त्यांत हसणारे कामगार पाहिले, रडणाऱ्या स्त्रिया पाहिल्या, टाळ्या वाजवणारी सभागृहे पाहिली. परंतु ‘तुला काय हवे?’ या प्रश्नाला एका माणसाने स्वतः दिलेले उत्तर आम्ही एकदाही ऐकले नाही. थोरातांच्या जवानांना कुंपणाच्या तारेतून का होईना, जे ऐकावयास मिळाले, ते आम्हांला एवढ्या प्रगत साधनांनी मिळालेले नाही. आमची वही जाड झाली म्हणून आम्ही तो देश जाणतो असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच मुख्य. आम्ही खिडकीतून त्यांच्याकडे पाहतो, पण त्या खिडकीतून त्यांना आमच्याकडे पाहता येत नाही. तेथील सामान्य माणसाला जगाचे इंटरनेट नाही. देशापुरते एक बंदिस्त जाळे आहे. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये एका तांत्रिक चुकीमुळे उघड झाले की, त्या देशाच्या नावाखाली बाहेर दिसणारी संकेतस्थळे सारी मिळून २८ होती. डिसेंबर २०२० मध्ये तेथे ‘प्रतिगामी विचार व संस्कृती’ यांविरुद्ध कायदा झाला. दक्षिण कोरियाची चित्रमालिका पाहणाऱ्याला सक्तमजुरी, आणि अशा गोष्टी मोठ्या प्रमाणावर आणून पसरविणाऱ्याला देहदंडापर्यंत शिक्षा, असे त्याचे स्वरूप आहे. म्हणजे जी गोष्ट आम्ही रात्री जेवण झाल्यावर, पाय पसरून, करमणूक म्हणून करतो, तीच गोष्ट उलट दिशेने करणाऱ्याला आयुष्य पणाला लावावे लागते. इकडे दक्षिण कोरियातही कित्येक वर्षे उत्तरेची ही संकेतस्थळे राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्याखाली बंद ठेवण्यात आली होती. सख्ख्या भावांना जे पाहता येत नव्हते ते आम्ही हजारो मैलांवरून सहज पाहत होतो. हा लाभ आम्हांला आमच्या कर्तृत्वाने मिळालेला नाही. तेव्हा निदान त्याची थट्टा करू नये एवढे आमच्याकडून व्हावे.

या अनुभवातून आम्ही स्वतःपुरते तीन नियम केले आहेत. पहिला, मरणाची बातमी, मग ती कुणाचीही असो, दोन स्वतंत्र ठिकाणांहून खात्री झाल्याखेरीज पुढे पाठवावयाची नाही. दुसरा, चेष्टेचे चित्र पाठविण्याआधी त्या चित्रातल्या मागच्या रांगेतल्या माणसाकडे एकदा पाहावयाचे. नेता हसण्यावारी नेता येतो, पण त्याच्यामागे वही घेऊन उभा असलेला माणूस तेथे हौसेने उभा आहे की भीतीने, हे आपल्याला ठाऊक नाही. आणि तिसरा, चौथा रकाना कधी रिकामा ठेवावयाचा नाही. ज्या दिवशी ‘कळले नाही’ या सदराखाली लिहावयास काही उरणार नाही, त्या दिवशी आपण पाहणे सोडून समजुतीवर चाललो आहोत असे ओळखावे.

श्रोतेहो, दुसऱ्या देशाचे हे पुराण या मंडळात कशासाठी, असे कुणी विचारील. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, या वाचनालयात पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे टपालाने दोन-दोन, तीन-तीन दिवसांनी येत. त्यांवरून आपण आपल्या मुलखाची कल्पना करीत असू: तेथे पाऊस झाला, तेथे संप झाला, तेथे अमुक नाटक लागले. सुट्टीत प्रत्यक्ष गेलो की ध्यानात येई, वर्तमानपत्रातला महाराष्ट्र आणि आत्याच्या ओसरीवरचा महाराष्ट्र यांत अंतर आहे. आज आपली नातवंडे त्याच मुलखाला मोबाइलवरच्या चित्रांतून ओळखतात. त्यांत गणपती आहेत, लेझीम आहे, गडकिल्ले आहेत. सारे खरे आहे. पण त्या मुलांना आपण सुट्टीत घेऊन जाऊ शकतो, ओसरीवर बसवू शकतो, आत्याला प्रश्न विचारावयास लावू शकतो. चित्रात जे उणे राहते ते भरून काढण्याची वाट आपल्याला मोकळी आहे. ती वाट मोकळी असणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आम्हांला ज्या देशाला ती नाही त्या देशाने शिकविले.

आमची ती वही आजपासून आम्ही वाचनालयाच्या स्वाधीन करीत आहोत. तिच्यात अजून कोरी पाने आहेत. मंडळातल्या तरुण मुलामुलींपैकी कुणी पुढे चालविली तर आनंद होईल. देश हाच असला पाहिजे असेही नाही. गार्डसाहेबांची अट मात्र एक आहे: डबे रोज मोजावे लागतील. आणि बाईंची एक इच्छा आहे. सिनुइजूच्या पुराखालची त्यांची ती ओळ कुणी खोडू नये. कधीकाळी उत्तर आले तर ते तिच्याच पुढे लिहावे. तेवढी जागा त्यांनी सोडून ठेवली आहे.